भाकरीचं इंग्रजी नाव

बायकोने माझ्या चहातली साखर चमच्याने मोजायला घेतली होती. त्यातच भाचा राहायला आला. पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे यवतमाळच्या पोस्टल ग्राउंडवर धावतो, संध्याकाळी जिमला जातो. पहिल्याच रात्री ताटातली भाकर त्याने दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवली.

"मामाजी, कार्ब्स बंद केले."

"काहून रे? डॉक्टरनं बदलून दिल्या का?" बायको म्हणाली. तिला कार्ब्स म्हणजे गोळ्या वाटल्या.

त्याने मोबाइलवर डाएट चार्ट दाखवला. भाकर, पोळी, भात, पोहे, केळं, सगळ्यांवर लाल फुली. पोह्यांवरची फुली पाहून मला माझ्या सकाळच्या तर्रीची काळजी वाटली, पण ते राहू द्या. हिरव्या रकान्यात अंड्याचं पांढरं, पनीर आणि सगळ्यात खाली 'सोरघम पफ्स'.

तिसऱ्या दिवशी ते पाकीट कुरिअरने आलं. आत मूठभर माल, बाकी हवा. मी एक दाणा तोंडात टाकला, बायकोने एक टाकला, अन् आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ज्वारीच्या लाह्या! नागपंचमीला आई कढईत फोडायची, अर्ध्या चुलीभोवती उडायच्या, त्या वेचून खायला आमची भांडणं व्हायची. इकडे लाह्या हिरव्या रकान्यात, अन् त्याच ज्वारीची भाकर ताटाच्या कडेला वाळत पडलेली.

आता थोडं शास्त्र, डॉक्टर मित्राला विचारून. जोरात धावताना स्नायू मुख्यतः साठवलेली साखर जाळतात. हा साठा अंगात साधारण 500 ग्रॅम, अन् दर ग्रॅममागे तिप्पट पाणी धरलेलं. म्हणून भाकर सोडली की पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो, तो बराचसा पाण्याचा. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात 68 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, तशीच 10 ग्रॅम प्रथिनं अन् तितकाच चोथाही. भारतीय माणूस निम्म्याहून जास्त ऊर्जा कर्बोदकांतूनच घेतो, तीही पांढरा भात, गहू अन् साखरेतून. जास्त कार्ब्सचा ठपका ठेवायचा तर खुर्चीत बसून सदर लिहिणाऱ्यावर. 1600 मीटर धावणाऱ्या पोरावर कशाला?

भाच्याचे दोन किलो उतरले. तो खूश. दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या फेरीत पाय भरून आले अन् गडी मैदानातच बसला. त्या रात्री मागून-मागून दोन भाकरी खाल्ल्या.

तिसरी मागितली तेव्हा कळलं, डबा रिकामा. ज्वारी आणायला गेलो तर दुकानदार म्हणाला, "सोलापूरकडची आहे, भाव चढला." यवतमाळात सोलापूरची ज्वारी! 1964 साली सीएसएच-1 हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं तेव्हा मुख्यमंत्री आपल्याच पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. त्यांनी हायब्रीड शेतोशेती पोचवली. तिच्या भाकरीला चव नाही म्हणून आमचे आजोबा शेवटपर्यंत कुरकुरले, पण पोटं तिनेच भरली. आता धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत कपाशी, नाहीतर सोयाबीन. घाटंजीकडे माझ्या जावयाचं शेत आहे, त्यांना विचारलं, चार तास तरी ज्वारी का नाही पेरत? म्हणाले, "मामाजी, पेरतो न. पण राखण कोण करन? रात्री रोही अन् डुक्कर, दिवसा पाखरं. कणसं आम्हाले दिसतबी नाहीत." कडबा खायला बैल होते, तेही गेले. मग ज्वारी पेरायची कुणासाठी?

भाच्याचं मैदान तोंडावर आलंय. घाटंजी, आर्णी, दारव्ह्याकडे कुणी रोह्यांच्या तोंडातून ज्वारी वाचवली असेल, तर मला एक कट्टा पाहिजे. भाव तुम्ही सांगा. पाकिटातली नको.