काळी वाळू काळीच दिसू द्या

येडेश्वरीच्या डोंगरावर उभे राहून कितीही डोळे ताणले तरी समुद्र दिसत नाही. येरमाळ्यापासून सरळ रेषेत तो सुमारे ३०० किलोमीटर पश्चिमेला आहे. म्हणूनच शाळेची सहल कोकणात उतरली, की आपल्याकडचे विद्यार्थी समुद्राची छायाचित्रे अधाशासारखी घेतात. त्यात गैर काहीच नाही. माझी तक्रार आहे ती नंतर होणाऱ्या रंगरंगोटीविषयी. अशाच एका सहलीचे भित्तिपत्रक मी पाहिले. त्यावर रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्याचे छायाचित्र होते आणि त्यातली वाळू चक्क सोनेरी होती!

मांडवीची वाळू काळसर आहे. रत्नागिरीचे लोक त्या बाजूला काळा समुद्र म्हणतात आणि रत्नदुर्गाच्या पलीकडच्या किनाऱ्याला पांढरा समुद्र. पाणी दोन्हीकडे एकच. फरक आहे तो वाळूचा. रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे खनिज, म्हणजे लोह व टायटॅनियम यांचे ऑक्साइड, सापडते. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन असे कण सुटतात आणि ओढ्यानद्यांबरोबर समुद्राला मिळतात. हाच पाषाण येरमाळ्याच्या डोंगरातही आहे. तेव्हा मुलांनी सोनेरी करून टाकली ती आपल्याच खडकाची दूरची भावंडे! पडद्यावर एक बोट फिरले आणि छायाचित्रातले भूविज्ञान पुसले गेले.

मग छायाचित्रात काहीच बदलू नये काय? असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण कॅमेराही चुकतो. समोर काळी वाळू आहे की पांढरी, हे त्याच्या प्रकाशमापकाला ठाऊक नसते. दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरून तो प्रकाश ठरवितो. काळ्या वाळूने चौकट भरली, की तो जादा प्रकाश घेतो आणि वाळू फिकी पडते. पांढऱ्या वाळूला तो प्रकाश कमी देतो आणि ती मळकट दिसते. आताचे फोन पुष्कळ हुशार झाले आहेत, तरी ही खोड पुरती गेलेली नाही.

खात्री करून घेण्यासाठी कोकणात जायला नको. चैत्री यात्रेत भाविक चुनखडी वेचतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. चुनखडीचे थोडे खडे गोळा करून पसरा आणि चौकट भरेल इतक्या जवळून छायाचित्र घ्या. मग तसेच नुसत्या काळ्या मातीचे घ्या. दोन्ही एकमेकांच्या जवळ आलेली, करडी दिसतील. आता मातीचे चित्र थोडे गडद करा, खड्यांचे थोडे उजळ करा आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहा. ही दुरुस्ती प्रामाणिक आहे, कारण तुम्ही कॅमेऱ्याची चूक सुधारलीत, मातीची नव्हे.

क्षितिजाचेही तसेच. समुद्राचे क्षितिज म्हणजे निसर्गाने दिलेली पाणसळ. ते कललेले दिसले तर हात कलला होता, म्हणून खुशाल सरळ करा. ते वाकलेले दिसले, तर पृथ्वीचा गोलावा टिपला अशी फुशारकी मात्र मारू नका. दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असते. तो वाक भिंगाचा आहे. आपल्या बालाघाटाच्या माळाची कड मात्र खरोखरच उतरती असू शकते. ती सरळ केलीत तर डोंगरच खोटा होईल.

क्षितिज चौकटीच्या तिसऱ्या भागावरच हवे, असा एक नियम सर्रास सांगितला जातो. मला तो घोकण्यासारखा वाटत नाही. वाळूवरच्या लाटांच्या रेघा दाखवायच्या असतील तर क्षितिज वर ठेवा, ढग दाखवायचे असतील तर खाली घ्या. आधी काय सांगायचे ते ठरू द्या. रेघा ठळक हव्यात तर ऊन तिरपे हवे, भर दुपारी त्या सपाट होतात.

जोडकाम काही आजचे नाही. ग्युस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची छायाचित्रे घेतली. त्या काळच्या कलोडियन काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होत्या. समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरे पांढरे होऊन जाई. म्हणून त्याने समुद्राची एक आणि आकाशाची एक अशा दोन निगेटिव्ह क्षितिजाशी जोडल्या. काचेची उणीव त्याने भरून काढली, इथवर मी त्याच्या बाजूचा आहे. पण एकच आकाश त्याने वेगवेगळ्या समुद्रांवरही ठेवले! कलादालनात ते शोभेल. विज्ञानाच्या वहीत ते आकाश चालणार नाही, आणि किनाऱ्यावरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पुसून टाकलेले चित्रही चालणार नाही. पाच वर्षांनी कोणी त्याच जागी उभा राहून किनारा बदलला का हे पाहू लागला, तर त्याने कशावर विसंबावे?

भित्तिपत्रकाजवळ उभ्या असलेल्या मुलीला मी वाळूविषयी विचारले. ती म्हणाली, “सर, काळी वाळू घाण दिसत होती.” मूळ छायाचित्र फोनमध्ये शिल्लक होते. तेही छापून शेजारी लाव आणि खाली ठिकाण, तारीख, वेळ व केलेला बदल लिही, एवढे मी तिला सांगितले.