हक्काची सुरुवात पोचपावतीपासून

आपल्या निवासी शाळेचा रौप्यमहोत्सव आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे १२५ वे जयंतीवर्ष असा दुहेरी योग २०१५-१६ साली जुळून आला. अशा प्रसंगी गतकार्याचा गौरव करावा, हा स्मरणिकेचा प्रघात आहे आणि इतर लेखांतून तो होईलच. आम्हांला या निमित्ताने आपल्या विद्यार्थ्यांच्या घरांशी निगडित असलेला एक प्रश्न मांडावयाचा आहे. मागूनही काम न मिळालेल्या माणसाला कायद्याने देऊ केलेल्या बेरोजगार भत्त्याचा हा प्रश्न आहे.

आपल्या वसतिगृहातील बहुसंख्य मुलांचे आईवडील भूमिहीन वा अल्पभूधारक आहेत. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेऊन ते ऊसतोडीला जातात. मागे राहिलेली मुले आपल्याकडे येतात. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षे पावसाने सलग दगा दिला. अशा वेळी गावातच काम मिळाले तर अनेकांचे स्थलांतर टळेल. पालकसभेत हा विषय निघाला की एकच उत्तर ऐकू येते : “सरकारने काम काढले तर जाऊ.” सरकारने काम काढावे आणि आपण जावे, अशीच रोजगार हमीची कल्पना सर्वत्र रूढ आहे. कायदा मात्र नेमके उलटे सांगतो. मजुराने काम मागावे आणि सरकारने ते द्यावे. न दिल्यास भत्ता द्यावा.

ही कल्पना महाराष्ट्राच्या मातीतली आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात लाखो कुटुंबांचा आधार ठरली. १९७७ साली राज्याने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम न दिल्यास किमान एक रुपया रोज भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. रक्कम लहान होती, पण तत्त्व मोठे होते. पुढे २००५ साली संसदेने देशासाठी कायदा केला. त्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. अर्ज दिल्यापासून १५ दिवसांत काम मिळाले नाही तर पहिले ३० दिवस मजुरीदराच्या किमान एक चतुर्थांश, व त्यानंतर त्या आर्थिक वर्षात किमान निम्मा भत्ता द्यावा लागतो.

याचा हिशेब आपल्या आठवीच्या मुलालाही करता येईल. २०१५-१६ साली महाराष्ट्रातील मजुरीदर १८१ रुपये होता. एखाद्या मातेने त्या वर्षी १ डिसेंबरला अर्ज दिला आणि १५ डिसेंबरपर्यंत काम मिळाले नाही, तर १६ तारखेपासून तिला रोज ४५ रुपये २५ पैसे मिळावयास हवे होते. तीस दिवसांचे १,३५७ रुपये ५० पैसे होतात. त्यानंतरचा दर ९० रुपये ५० पैसे. कुटुंबाच्या शंभर दिवसांच्या मर्यादेत ही रक्कम तिच्या हक्काची होती.

मग हा भत्ता पदरात का पडत नाही? कारण अर्जाच्या तारखेत आहे. मजूर ग्रामपंचायतीत जाऊन तोंडी काम मागतो. ‘पाहू, काम निघाले की कळवू,’ असे उत्तर मिळते. कागदावर मागणी झालेलीच नसते, म्हणून पंधरा दिवस सुरूच होत नाहीत. अनेक ठिकाणी काम सुरू होण्याच्या बेतात असतानाच मागणीची नोंद केली जाते. दप्तर पाहावे तर ज्याने मागितले त्याला काम मिळाले, असेच चित्र दिसते. यामागे आणखी एक व्यवहार आहे. २००५ च्या कायद्यानुसार अकुशल कामाची मजुरी केंद्र सरकारने द्यावयाची. बेरोजगार भत्ता मात्र राज्य सरकारला द्यावा लागतो. तारीख घातलेली पोच देणे म्हणजे आपल्यावरील देण्याची कबुली देणे होय. म्हणूनच ती देताना हात आखडतो.

मजुराच्या बाजूनेही काही अडसर आहेत. नियम ठाऊक नसतात. कामाची सूचना मिळूनही १५ दिवसांत हजर न झाल्यास तीन महिने भत्त्याचा हक्क जातो, हे अनेकांना माहीत नसते. गावात सरपंच आणि ग्रामरोजगार सेवक यांच्याशी रोजचा संबंध. लेखी मागितले तर वाकडेपणा येईल, ही भीती असते. सर्वांत खोल रुजलेली भावना ही, की सरकारकडून काही घेणे म्हणजे मेहेरबानी घेणे.

या भावनेला आपण उत्तर दिले पाहिजे. बेकारी, वार्धक्य आणि आजारपणात नागरिकाला साहाय्य मिळावे, हे राज्याचे कर्तव्य संविधानाच्या अनुच्छेद ४१ ने सांगितले आहे. मार्गदर्शक तत्त्व म्हणून ते न्यायालयात मागता येत नव्हते; कायद्याने त्यातील एक वाटा ग्रामीण मजुराला मागण्याजोगा केला. आपली धम्मपरंपराही येथे मूक नाही. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात, राज्यात चोऱ्यामाऱ्या वाढल्या असता पुरोहित राजाला दंडाचा नव्हे, तर शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल व सेवकाला भोजन आणि वेतन देण्याचा सल्ला देतो. लोकांना उपजीविका देणे हा राजाचा धर्म आहे, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

काही मित्र म्हणतात, आपली मुले डॉक्टर, अभियंते व्हावीत. त्यांना रोजगार हमीचे अर्ज कशाला शिकवायचे? आम्हांलाही मुलांच्या हाती कुदळ नको आहे. परंतु त्यांच्या आईबापांच्या हाती ती आज आहे. शिवाय अर्ज, तारीख आणि पोच यांची शिस्त एका योजनेपुरती नाही. पुढे कारखान्यात लागलेल्या मुलाचे नाव कामगार राज्य विमा योजनेत असेल, तर कारखाना बंद पडल्यावर वा कामगारकपात झाल्यावर २००५ पासूनच्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेखाली त्यालाही भत्ता मागता येतो. तेथेही कागदच बोलतो.

म्हणून आम्ही सुचवितो, की नववी-दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला कामाच्या मागणीचा नमुना ४ भरता यावा. दिवाळीच्या सुटीत त्याने आपल्या वस्तीतील निदान पाच घरांचे अर्ज लिहून द्यावेत. अर्ज एकेकट्याने नव्हे, समूहाने द्यावा, म्हणजे भीती वाटून घेतली जाते. तारीख व सही असलेली पोच घेतल्याशिवाय कोणी परत फिरू नये. सोळाव्या दिवशी भत्त्याचा अर्ज तहसील कार्यालयात द्यावा. ग्रामपंचायतीने अर्ज नाकारल्यास मागणीही तेथेच नोंदविता येते. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वकील, शिक्षक, कर्मचारी आहेत, त्यांनी तालुक्याच्या ठिकाणी या अर्जांचा पाठपुरावा करावा.

पंचवीस वर्षांत या शाळेने हजारो हातांना अक्षरओळख दिली. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेले शिक्षण अक्षरओळखीशी थांबत नाही. आपल्या आईच्या नावाचा अर्ज लिहून त्याची पोच मागणारा विद्यार्थी घडविणे, हे पुढील पंचवीस वर्षांतील आपल्या कार्याचे एक अंग असावे, एवढीच या मंगलप्रसंगी आमची विनंती आहे.