सिझेरियननंतरची दुसरी खेप : तीन महिने गप्प राहू नका

आपल्याकडे दिवस राहिले की तीन महिने कुणाला सांगायचे नाही, अशी जुनी रीत आहे. दृष्ट लागते म्हणतात. रीत मोडा असे मी म्हणत नाही. शेजारणीला सांगू नका, पण डॉक्टरला सांगा. ज्या भगिनीचे आधीचे बाळंतपण सिझेरियनने झाले आहे, तिने तर शेवटच्या पाळीपासून सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफी करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचे कारण आहे. सिझेरियनचा छेद बहुधा गर्भपिशवीच्या खालच्या भागात घेतात. तो भरून येतो, पण काहींच्या बाबतीत त्या जागी बारीकशी खाच राहते. क्वचित पुढचा गर्भ पिशवीच्या पोकळीत न रुजता या जुन्या व्रणातच रुजतो. तिथली भिंत पातळ, पुढे लगेच मूत्राशय. गर्भ वाढला की भिंत फाटून रक्तस्राव होऊ शकतो. नाही फाटली तर वार भिंतीत खोल घुसते आणि बाळंतपणाच्या वेळी पिशवीच काढून टाकण्याची पाळी येते.

असा पहिला रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला गेला १९७८ साली. आजही हा प्रकार दुर्मीळच आहे, साधारण दोन हजार गरोदरपणांत एक. पण सिझेरियन वाढली तसे हेही वाढणार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील शंभरातली पंचवीस बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे दिसते. सिझेरियन गरजेचे असते तेव्हा ते जीव वाचवते, त्याबद्दल वाद नाही.

पंचाईत अशी की सुरुवातीला बहुधा काही जाणवत नाही. थोडे डाग, किंचित दुखणे, कित्येकींना तेवढेही नाही. मग 'आता नको' म्हणून नवरा दुकानातून गर्भपाताच्या गोळ्या आणतो. या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत, असा कायदा आहे. पण चिठ्ठी हाही नुसता उपचार ठरू नये. गर्भ कुठे आहे हे पाहिल्याशिवाय सिझेरियन झालेल्या बाईने गोळ्या घेऊच नयेत. आंधळेपणाने क्युरेटिंग करणे त्याहून वाईट. पिशवीचा स्नायू आवळला की रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्त थांबते. व्रणाच्या जागी आवळायला पुरेसा स्नायूच नसतो.

सोनोग्राफीला गेल्यावर 'माझे सिझेरियन झाले आहे, व्रणाची जागा नीट बघा' असे आपण होऊन सांगावे. तपासणी योनीमार्गे केली तर चित्र जास्त स्पष्ट येते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पहिले बाळंतपण मुंबईला झालेल्या आमच्या मुलींचे कागदही मुंबईलाच राहतात. गणपतीला येताना ते तेवढे घेऊन यावे.

निदान झाले की घरात पहिला प्रश्न येतो : ठोके आहेत, मग काढायचे कसे? हे दुःख मोठे आहे आणि ते कुणी हसण्यावारी नेऊ नये. असा गर्भ ठेवून जिवंत मूल झाल्याची उदाहरणे आहेत. पण त्यासाठी आईला जो धोका पत्करावा लागतो तो पाहता, बहुतेक तज्ज्ञ गर्भ लवकर काढण्याचाच सल्ला देतात. सोनोग्राफीत पाहत हलक्या हाताने शोषून काढणे, गर्भाच्या जागी मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन देणे, दुर्बिणीतून गर्भ काढून व्रण दुरुस्त करणे, असे मार्ग आहेत. कोणता घ्यायचा हे आठवडे आणि भिंतीची जाडी पाहून स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. मेथोट्रेक्सेटचे नुसते दंडातले इंजेक्शन बहुधा पुरत नाही. नंतर रक्तातील बीटा एचसीजी शून्यावर येईपर्यंत तपासण्या चुकवू नयेत.

हे काम रक्ताची सोय असलेल्या मोठ्या इस्पितळातच व्हावे. मंडणगड-दापोलीकडच्या किंवा राजापूरकडच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. सातव्या आठवड्यात कळले तर दिवसाउजेडी, पैशांची जुळवाजुळव करून, रत्नागिरीला किंवा आंबा घाट चढून कोल्हापूरला जाता येते. बाराव्या आठवड्यात, पावसाळ्यातल्या रात्री रक्त जाऊ लागले तर वाट पाहायला वेळ नसतो.

दुसरा प्रश्न सासूबाई विचारतात, तोही दबक्या आवाजात : पुढे मूल होईल ना? पिशवी शाबूत राहिली असेल तर बहुतेकींना पुन्हा दिवस राहतात आणि मूलही होते. म्हणूनच तर लवकर उपचार करायचा. मात्र गर्भ पुन्हा व्रणातच राहण्याचा धोका अशा बाईला इतरांपेक्षा जास्त असतो. तेव्हा निदान वर्षभर पाळणा लांबवावा. मेथोट्रेक्सेट दिले असेल तर तीन महिने तरी दिवस राहूच देऊ नयेत, आणि पुढे फॉलिक ॲसिडच्या गोळ्या विचारून सुरू कराव्यात. पुढच्या खेपेला पाळी चुकताच तपासणी, आणि प्रसूती कळा सुरू होण्याआधी ठरवून सिझेरियनने. घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर 'व्रणातील गर्भ' असे स्पष्ट लिहून मागावे. नुसते 'गर्भपात' लिहिले असेल तर पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही.