१२०२ : तक्रार करणारा आणि अपराधी

१/ २० जुलै १९६९. चंद्रभूमीपासून सुमारे ३३,००० फुटांवर ‘ईगल’च्या संगणकाने एक आकडा दाखवला : १२०२. ‘संगणक ऐन वेळी कोलमडला आणि माणसाने यान वाचवले’ ही त्याची लोकप्रिय कथा. माझ्या मते ती अन्यायकारक आहे. का, ते या धाग्यात पाहू.

२/ त्या संगणकाची बदलती मेमरी अवघी २,०४८ शब्दांची. हॅल लॅनिंग यांनी रचलेला ‘एक्झिक्युटिव्ह’ तिचे वाटप करी. आजच्या भाषेत तो कर्नलच. प्रत्येक कामाला १२ शब्दांचा एक संच मिळे. मोठी आकडेमोड असल्यास ४४ शब्दांचा आणखी एक कप्पा. असे कप्पे फक्त ५. काम संपले की जागा परत.

३/ १२०२ म्हणजे संच उरला नाही. पुढे उमटलेला १२०१ म्हणजे कप्पा उरला नाही. मग ‘मेमरी अपुरी होती’ हे निदान झाले का? मुळीच नाही. ते केवळ लक्षण होते.

४/ मूळ रोग वेळेचा होता. भेट-रडार आणि संगणक यांच्या ८०० हर्ट्झ वीजपुरवठ्यांची कला जुळत नव्हती. त्यामुळे रडारच्या दोन कोनांचे निरर्थक स्पंद सेकंदाला १२,८०० पर्यंत येऊ शकत, आणि प्रत्येक स्पंद ११.७ मायक्रोसेकंद खाई. हिशेब करा : जवळजवळ १५ टक्के वेळ चोरीला!

५/ अवतरणाचे मुख्य गणित दर २ सेकंदांनी नव्याने सुरू होई. आधीचे पुरे होण्यापूर्वीच पुढचे दाराशी येऊ लागले. जुने जागा सोडीना, नवे जागा मागे. वेळेची तूट अशी मेमरीच्या टंचाईचे रूप घेऊन प्रकटली.

६/ कित्येक जण ऑल्ड्रिन यांनी रडारचा स्विच चुकीचा ठेवला असे म्हणतात. तो कार्यपद्धतीनुसारच ठेवलेला होता. कलेतील ही विसंगती आधीच्या चाचण्यांत आढळूनही दुरुस्त झाली नव्हती. नोंदवून सोडून दिलेल्या दोषाचे खापर अखेर उपकरण हाताळणाऱ्याच्या माथी फुटते, ते असे.

७/ ह्यूस्टनमध्ये २६ वर्षांचे स्टीव्ह बेल्स आणि त्यांना साहाय्य करणारे २४ वर्षांचे जॅक गार्मन यांनी ‘पुढे चला’ म्हटले. ते धाडस नव्हे, अभ्यास होता. काही दिवसांपूर्वीच्या सरावात अशाच इशाऱ्यावर बेल्स यांनी अवतरण रद्द करवले होते. त्या चुकीनंतर गार्मन यांनी प्रत्येक इशाऱ्याचा अर्थ हाताने लिहून ठेवला.

८/ आणि संगणक? जागा संपताच त्याने सारी कामे मोडली, मोजकी अत्यावश्यक कामे सुरक्षित टप्प्यापासून पुन्हा उभी केली आणि इशारा दिला. यान चालवणे थांबले नाही. ‘सुदैवाने निभावले’ असा आक्षेप येईल. इशारे अखंड येत राहिले असते तर माघार घ्यावीच लागली असती, हे खरे. पण ती सीमाही आधीच ठरलेली होती.

९/ आजही आपण तीच गफलत करतो. लिनक्समध्ये मेमरी नाकारल्याची नोंद दिसते तेव्हा तिच्यातील प्रक्रिया केवळ मागणारी असते. मेमरी अडवून बसणारी दुसरीच असू शकते. कधी एकूण मेमरी मुबलक असते, पण सलग पाने मिळत नाहीत. अशा वेळी रॅम वाढवणे म्हणजे ताप उतरत नाही म्हणून तापमापक बदलणे.

१०/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे : ‘जागा नाही’ असे वेळेवर आणि स्पष्टपणे सांगणारी प्रणाली दुबळी नसते. रिकाम्या हाताने परतलेल्याला जाब विचारण्याआधी जागा कोणी अडवली आणि ती का सुटली नाही, हे विचारावे. १२०२ हा पराभवाचा आकडा नव्हता. ती एका प्रामाणिक यंत्राची साक्ष होती.