मागचा आस आणि पाव मैलाची शर्यत

उणकलच्या तळ्यावरून हुबळी-धारवाड रस्त्याने जाणाऱ्या वाचकांनी एक गोष्ट पाहिली असेलच. भरलेली मालमोटार कण्हत कण्हत हलते, पण हलते खास. हलकी मोटार मात्र पाहता पाहता तिला मागे टाकते. हा फरक केवळ इंजिनाचा नसतो. पुष्कळसा तो मागच्या ॲक्सलचा, म्हणजे आसाचा असतो. घरात मोटारींचे वेड असलेला मुलगा असल्यास वडीलधाऱ्यांनीही हा हिशेब समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

आसाच्या मधल्या पेटीत दोन दातेरी चक्रे असतात. लहान ते पिनियन, मोठे ते क्राउन. पिनियनला १० व क्राउनला ४१ दाते असल्यास चाकाच्या एका फेऱ्यास पिनियनचे ४.१ फेरे होतात. हा आकडा वाढविला की ओढ वाढते, वेगाची मर्यादा घटते. म्हणून अरबैल घाट चढून हुबळीस माल आणणाऱ्या गाडीस मोठा आकडा सोयीचा, सपाटीवर लांब पल्ला गाठणाऱ्या मोटारीस लहान.

पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ शर्यती पुणे जिल्ह्यात ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या आहेत. अशा शर्यतीस सर्वांत मोठा आकडा उत्तम, ही नवख्यांची समजूत अपुरी आहे. शेवटची रेषा ओलांडताना इंजिन आपल्या पूर्ण शक्तीच्या फेऱ्यांवर असावे, हे खरे सूत्र. समजा, गाडी ताशी १६० किलोमीटर वेगाने रेषा ओलांडते व टायरचा व्यास ६६ सेंटिमीटर आहे. तर चाक मिनिटास सुमारे १२९० फेरे घेते. वरचा गिअर एकास एक असल्यास इंजिनाचे फेरे ४.१ च्या आसाने ५३००, ४.९ ने ६३०० आणि ३.१ ने अवघे ४००० होतात. ज्या इंजिनाची पूर्ण शक्ती ५३०० च्या आसपास मिळते, त्यास पहिलाच आस योग्य. टायर बदलला की हिशेब पुन्हा मांडावा.

आणखी एक. घट्ट पकडीचे टायर लावून एकदम क्लच सोडला की सारा हिसका आसाच्या दांड्यांवर येतो. वेगात दांडा तुटून चाक निखळले तर जिवाशी गाठ! तेव्हा मुलाने पैसे मागितल्यास आधी मजबूत दांड्यांसाठी द्यावेत, आणि शर्यत धावपट्टीवरच होईल, असे वचन घ्यावे. उणकलचा रस्ता शाळकरी मुलांचाही आहे.