तिसरा रकाना



या सदरात मी आजवर ठेवी, वारसनोंद, मृत्युपत्र, जामीनकी अशा विषयांवर लिहीत आलो. आजचा विषय घरातला आहे, तरी तोही हिशोबाचाच आहे. गेल्या महिन्यात आमच्या जुळ्या नातवंडांचा पहिला वाढदिवस झाला. या वर्षात घरात तीन वह्या भरल्या. त्या वह्यांत माझ्या हातून एक मोठी नोंद राहून गेली होती. तिच्याविषयी लिहावे असे मनात आले आणि सूनबाईंनी त्याला संमती दिली, म्हणून हे लिहीत आहे.

नातवंडे जन्मली ती पस्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे नियत दिवसाच्या पाच आठवडे आधी. जुळ्यांच्या बाबतीत असे वारंवार घडते. थोरली नात चार मिनिटांनी थोरली, पण वजनाने धाकटी: १ किलो ८०० ग्रॅम. धाकटा नातू २ किलो ३०० ग्रॅम. अडीच किलोच्या आतले बाळ कमी वजनाचे मानतात, त्यामुळे दोघांनाही जपणे आले. नातीला नऊ दिवस रुग्णालयातच ठेवावे लागले. सूनबाईंचे माहेर बार्शीचे. एरवी पहिले बाळंतपण तिकडेच व्हायचे, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केल्यामुळे ते सांगलीतच झाले. विहीणबाई महिनाभर येऊन राहिल्या आणि घरच्या अडचणीमुळे परत गेल्या.

भेटीला येणाऱ्यांचा उत्साह मोठा. मार्केट यार्डातील एक ज्येष्ठ व्यापारी म्हणाले, "साहेब, एकाच हप्त्यात दुप्पट मुद्दल आले." नित्य प्रवचनाला जाणारे एक स्नेही म्हणाले, "भोगभूमीतले युगलिक तुमच्या घरी अवतरले." मी हसलो. भोगभूमीत मागेल ते पुरवणारे कल्पवृक्ष होते. आमच्याकडे चार मोठी माणसे आणि दुकानातून आणलेली दोनशे पानी वही एवढेच भांडवल होते.

वही ठेवण्याची सूचना रुग्णालयातील परिचारिकेची. कोणी किती वेळा दूध घेतले, किती लंगोट ओले झाले, हे पहिले काही आठवडे लिहीत जा, असे त्यांनी सांगितले होते. बत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला असे काम मिळाले की तो सुखावतो. मी पानाचे दोन रकाने पाडले, नातीचा डावीकडे, नातवाचा उजवीकडे. वेळ, दूध, लंगोट, औषध, वजन. रोज रात्री तेरीज.

वहीचा उपयोग झाला नाही असे मुळीच नाही. तिसऱ्याच रात्री घोटाळा झाला. पहाटे तीन वाजता नातवाला वाटी-चमच्याने दूध पाजून झाले आणि अर्ध्या तासाने झोपेच्या गुंगीत त्यालाच पुन्हा पाजले गेले. नात बिचारी उपाशी राहिली आणि अशक्तपणामुळे रडलीही नाही. त्या दिवसापासून बँकेचा नियम घरात आला. जो देईल त्याने तिथल्या तिथे लिहायचे आणि दुसऱ्याने वाचून मगच पुढचे काम करायचे. वाटी, चमचा, दुपटे, औषधाची बाटली, सगळे दोन रंगांत वेगळे केले.

दुसरी गोष्ट वजनाच्या नोंदीतून कळली. आम्ही सारे काही समसमान देत होतो आणि त्यातच आमचे चुकत होते. नातू झटपट पिऊन मोकळा होई. नात चार घोट घेऊन थकून झोपी जाई. तिला कमी वेळाच्या अंतराने आणि जास्त वेळा पाजायला हवे होते. छातीशी उघड्या अंगाने धरून ठेवण्याची, ज्याला 'कांगारू' पद्धत म्हणतात, तिचीही तिलाच अधिक गरज होती. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियाच्या बोगोटा शहरात, उबदार पेट्यांचा तुटवडा होता म्हणून सुरू झाली आणि पुढे जगभर मान्य झाली. जुळ्यांना दोन छात्या लागतात. चिरंजीव दुकानातून आले की अंघोळ करून, सदरा काढून, नातीला छातीवर घेऊन बसत. हळदीच्या अडतीत दिवसभर वावरलेल्या माणसाच्या अंगाचा हळदीचा वास अंघोळीनेही पुरता जात नाही. नातीला तो वास ओळखीचा झाला असावा. ती त्याच्याकडेच लवकर शांत होई.

तुलनेचा त्रास मात्र वहीने थांबला नाही. "हा मान धरतो, मग ही का नाही?" हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारी. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय साधारण दोन वर्षांपर्यंत नियत दिवसापासून मोजायचे असते. शिवाय जुळी असली तरी दोघांची वाढ आपापल्या गतीने होते. हे मी इतक्यांना समजावले की शेवटी सौभाग्यवतींनी मला गप्प केले. गुटी मधातून चाटवण्याचे सल्लेही ओळखीपाळखीतून आले. आपल्याकडे मध वर्ज्यच आहे. पण डॉक्टरही एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नका असेच सांगतात, कारण त्यातील सूक्ष्म बीजाणूंमुळे क्वचित, पण जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

मार्चच्या आरंभी चौदाव्या आठवड्याच्या लसी द्यायच्या होत्या. चिरंजीव नव्हते, हळदीचा हंगाम ऐन भरात होता आणि रोज सकाळी सौदे निघत होते. मी, सौभाग्यवती आणि सूनबाई, तिघे दोन बाळे घेऊन गेलो. बालरोगतज्ज्ञ बाईंनी वही चाळली. "बँकेत होतात का?" असे विचारून त्या कौतुकाने हसल्या. नातीचे वजन समाधानकारक वाढले होते. मला वार्षिक तपासणीत शेरा न आलेल्या शाखाधिकाऱ्यासारखे वाटले.

मग त्या सूनबाईंकडे वळल्या. "आणि तू? सलग किती तास झोपतेस?"

सूनबाई काहीच बोलल्या नाहीत. बाईंनी पुन्हा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "मला सांगता येणार नाही." बाईंनी माझ्याकडे पाहिले. माझ्या हातात शंभर दिवसांची वही होती. कोणत्या बाळाने कोणत्या मिनिटाला दूध घेतले ते मी सांगू शकत होतो. पण हे मला सांगता येईना.

बाईंनी आम्हा दोघांना बाहेर बसायला सांगितले. आतून बराच वेळ रडण्याचा आवाज आला. सूनबाईंनी तेव्हा काय सांगितले ते मला नंतर कळले. बाळे शांत झोपलेली असतानाही त्यांना रडणे ऐकू येई. जेवण जात नसे. आणि कित्येक दिवसांपासून ही दोन मुले आपली आहेत असे त्यांना वाटतच नव्हते. हे कुणाला सांगावे तर आई म्हणून आपली काय किंमत राहील, या भीतीने त्या गप्प होत्या.

डॉक्टरबाईंनी आम्हाला स्पष्ट शब्दांत सांगितले की हा बाळंतपणानंतरचा नैराश्याचा आजार आहे. यात कुणाचा दोष नाही, तो बरा होतो, पण उपचार करावे लागतात. जुळ्यांच्या आईला त्याचा धोका अधिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १३ टक्के स्त्रियांना असा मानसिक विकार, मुख्यतः नैराश्य, होतो. विकसनशील देशांत हे प्रमाण २० टक्क्यांच्या जवळपास आहे. म्हणजे आपल्याकडे पाच घरांमागे एक घर. आणि तरीही आपण "नजर लागली" किंवा "आमच्या वेळी पाच-पाच वाढवली" एवढे बोलून मोकळे होतो.

परतताना रिक्षात सौभाग्यवती बराच वेळ गप्प होत्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मुलगा झाला तेव्हा मलाही असेच झाले होते. तीन महिने. तुम्ही गडचिरोलीला होतात." मला ते वर्ष चांगले आठवते. बढतीवर बदली झाली होती आणि मी शाखेत पेढे वाटले होते. घरी पाठवलेल्या पत्रांत मी बाळाचे वजन विचारी. पत्नीची विचारपूस एका ओळीत असे: "तुझी प्रकृती ठीक असेलच." सदतीस वर्षांनी मी पुन्हा तीच चूक केली होती, या वेळी घरात बसून.

त्या रात्री मी वही काढून शंभर दिवसांची बेरीज मांडली. सुरुवातीच्या महिन्यांत दोन्ही बाळांचे मिळून दिवसाला सुमारे अठरा वेळा दूध, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे नऊ तास. वीसेक लंगोट बदलणे. मालिश, अंघोळ, ढेकर काढणे, निजवणे, कपडे. एकूण चौदा ते पंधरा तासांचे काम, चोवीस तासांत विखुरलेले. हे काम कुणी केले हा रकानाच मी पाडला नव्हता. तो असता तर जवळजवळ प्रत्येक ओळीत एकच नाव आले असते.

दुसऱ्या दिवशी पानावर तिसरा रकाना आला: आईची झोप. पहिल्या आठवड्यातील आकडे आजही पाहवत नाहीत. दिवसाची एकूण झोप सरासरी पावणेचार तास, त्यातली सलग झोप जास्तीत जास्त सव्वा तास.

मग कामाची वाटणी झाली. रात्री नऊ ते दोन आमची, म्हणजे म्हाताऱ्यांची पाळी. त्या वेळेत सूनबाईंनी वेगळ्या खोलीत झोपायचे आणि आम्ही त्यांनी काढून ठेवलेले दूध पाजायचे. दोननंतर सूनबाई आणि चिरंजीव. चिरंजीव प्रथम म्हणाले, "बाबा, हंगाम आहे, सौद्याला मी नसलो तर शेतकरी दुसऱ्या अडत्याकडे जाईल." मी म्हणालो, "हंगाम पुढच्या वर्षीही येईल. बायकोची ही अवस्था पुढच्या वर्षावर टाकता येत नाही." सकाळचे दुकान दोन महिने मुनीमजींनी सांभाळले. थोडे गिऱ्हाईक तुटले हे खरे, पण पुढे बरेचसे परतही आले.

मालिश-अंघोळीसाठी बाई ठेवण्यावरून घरात वाद झाला. "घरात माणसे असताना पैसे कशाला?" असे सौभाग्यवतींचे म्हणणे. मी विचारले, "दुकानात माणसे असतानाही आपण हमाल ठेवतोच ना?" बाई ठेवली.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या घरी चोविहार पाळतात. सौभाग्यवतींचा तो तीस वर्षांचा नेम आहे, त्यामुळे सूनबाईही सूर्यास्तानंतर काही घेत नसत आणि रात्रभर दोघांना पाजत असत. त्या आठवड्यात सौभाग्यवतींनी स्वतःच्या हाताने सूनबाईंच्या उशाशी पाण्याचा तांब्या आणि झाकलेले दूध-खाकरा ठेवला. म्हणाल्या, "माझा नेम माझ्यापाशी. तू पाजणारी आई आहेस." व्रताचा निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुजनांना विचारून घ्यावा. परंतु तो विचारायला हवा हे सांगण्याची जबाबदारी घरातल्या वडीलधाऱ्यांची आहे. सून स्वतःहून विचारणार नाही.

औषधे आणि समुपदेशन सहा-सात महिने चालले. स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशीच औषधे मनोविकारतज्ज्ञांनी दिली. सुधारणा मुंगीच्या पावलांनी झाली. एप्रिलअखेरीस तिसऱ्या रकान्यात प्रथमच सलग पाच तास लिहिले गेले. मेअखेर सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू झाले: नाचणीचे सत्त्व, मुगाची घट्ट डाळ, मऊ भात, कुस्करलेले केळे, वाफवलेला लाल भोपळा. कंदमुळांवाचून बाळाचे काही अडले नाही. जूनमध्ये एके दुपारी नातीने भावाच्या पायाचा अंगठा आपला समजून तोंडात घातला, तो ओरडला आणि सूनबाई मोठ्याने हसल्या. स्वयंपाकघरात सौभाग्यवतींच्या हातातले लाटणे थांबले. तीन महिन्यांत आम्ही ते हसणे ऐकले नव्हते.

आता नात आठ किलोंच्या वर आहे आणि नातू नऊच्या जवळ. तो भिंत धरून चालतो, ती त्याच्या मागे रांगत जाऊन त्याला बसवते.

वाचकहो, आपल्या घरी किंवा नात्यात जुळी जन्मली तर दोन विनंत्या आहेत. भेटीला जाताना सहावा झबल्याचा जोड नेण्याऐवजी दोन तास मोकळे ठेवून जा. बाळांपाशी बसा आणि त्यांच्या आईला "जा, झोप" असे सांगा. आणि बाळ कसे आहे हे विचारून झाल्यावर आईलाही तिची झोप आणि जेवण विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, बाळाविषयी किंवा स्वतःविषयी भयंकर विचार मनात येऊ लागले, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे न्या. समाज काय म्हणेल याचा विचार नंतर करता येतो.

आमची चौथी वही सुरू आहे. दुधा-लंगोटाच्या नोंदी केव्हाच बंद झाल्या. तिसरा रकाना मात्र आम्ही ठेवला आहे आणि तो आता सूनबाई स्वतः भरतात. कालची नोंद: रात्री साडेदहा ते सकाळी साडेपाच, सात तास. पुढे कंसात त्यांनी लिहिले आहे: "बाबांचे घोरणे सोडून."