माणसे मोजा, अंतरही मोजा

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आणि २०११च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२. चौरस किलोमीटरमागे जेमतेम ७४ माणसे. राज्याची सरासरी ३६५. जिल्ह्याच्या बारा तालुक्यांपैकी दक्षिणेकडील अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड आणि मुलचेरा या पाच तालुक्यांत मिळून साडेतीन लाखांच्या आसपास लोक राहतात. वेगळ्या अहेरी जिल्ह्याची जुनी मागणी वर आली की हाच आकडा पुढे केला जातो: एवढ्याशा लोकांसाठी जिल्हा कशाला? पण विरळ वस्तीच्या मुलखात प्रशासनाचे माप केवळ डोकी मोजून ठरवणे हाच मुळात अन्याय आहे. तिथे अंतरालाही तेवढेच वजन हवे.

खुद्द गडचिरोलीचा जन्म अंतराच्याच तर्कातून झाला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी हा भाग चंद्रपूरपासून वेगळा झाला, कारण एवढा अवाढव्य जिल्हा एका टोकावरून हाकणे अशक्य होते. त्याच्या वर्षभर आधी झालेला सिंधुदुर्ग जिल्हा आजही साडेआठ लाख लोकसंख्येचा आहे आणि आकाराने गडचिरोलीच्या निम्माही नाही. म्हणजे कमी लोकसंख्येचे जिल्हे राज्याला परके नाहीत. आता सिरोंचा पाहा. तिथून जिल्हा मुख्यालय दोनशे किलोमीटरच्या घरात. जमिनीच्या अपिलाची तारीख असली की अर्जदाराची ये-जा धरून दोन दिवसांची मजुरी बुडते, वर मुक्कामाचा खर्च. साहेब दौऱ्यावर असतील तर पुन्हा हेलपाटा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. सिरोंचाचे रुग्ण उपचारांसाठी तेलंगणातली शहरे गाठतात, यात नवल ते काय?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, आता सगळे ऑनलाइन आहे. अर्ज ऑनलाइन होतो हे खरे. पण सुनावणी, मोजणी, चौकशी आणि अडलेल्या कामाचा पाठपुरावा यांसाठी माणसालाच जावे लागते, आणि जंगलातल्या गावांत मोबाइलची रेंज मिळेलच असे नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो वजनदार आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, पण मुख्यालयाची नवी वास्तू खुली व्हायला २०२१ उजाडले. गडचिरोलीसारख्या ठिकाणी आधीच पदे रिकामी राहतात. नवा जिल्हा झाला तर रिकाम्या खुर्च्यांची संख्या तेवढी वाढेल, ही भीती अनाठायी नाही.

म्हणूनच सुरुवात सीमारेषेपासून न करता अधिकारांपासून करावी. २०२७च्या जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा गोठवल्या असल्याने नवा जिल्हा तूर्त होणे नाही. अहेरीत अपर जिल्हाधिकारी आहेतच. महसुली अपिले, दाखल्यांची पडताळणी, वनहक्काच्या प्रलंबित दाव्यांचा निपटारा अशी कामे तिथेच शेवटापर्यंत पूर्ण होतील इतके अधिकार, कर्मचारी आणि निधी त्या कार्यालयाला द्यावेत. फाईल पुन्हा गडचिरोलीलाच पाठवायची असेल, तर अहेरीचे कार्यालय केवळ टपालपेटी ठरते. दोन-तीन वर्षांत किती लोकांचा हेलपाटा वाचला, याची नोंद ठेवावी आणि जनगणनेनंतर जिल्ह्याचा निर्णय त्या नोंदीवर घ्यावा. नव्या जनगणनेतही या पाच तालुक्यांचा आकडा लहानच निघेल. त्याच्या जोडीला अंतराचा आकडा मांडला नाही, तर त्यांची बाजू पुन्हा अर्धीच मांडली जाईल.